ट्रिगर तपासतोय, तरी एकाच तारखेला दोन बुकिंग कशी?

तुमचा प्रश्न असा: दादरच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. रद्द नोंदी टेबलात राहतात, म्हणून साधं युनिक (तीच नोंद दोनदा येऊ न देणारं बंधन) न लावता तुम्ही बिफोर इन्सर्ट ट्रिगर लिहिलात, म्हणजे नवी ओळ घालण्याआधी ती तारीख आधीच पक्की आहे का ते सिलेक्टने पाहणारा कोड. टेस्टिंगला तो चोख चालला आणि लग्नसराईत एकाच संध्याकाळी दोन पार्ट्या पक्क्या झाल्या.

ट्रिगरचं लॉजिक ओळीओळीने तपासत बसू नका, ते बरोबरच आहे. पीएसक्यूएलच्या, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या प्रोग्रॅमच्या, दोन खिडक्या उघडा. पहिलीत बिगिन (व्यवहार सुरू), मग इन्सर्ट. कमिट, म्हणजे व्यवहार कायम, करू नका. दुसरीत तोच इन्सर्ट चालवा. ट्रिगर तो मुकाट्याने सोडेल, कारण रीड कमिटेड या पोस्टग्रेसच्या नेहमीच्या पातळीत दुसऱ्याची कमिट न झालेली ओळ त्याच्या सिलेक्टला दिसतच नाही. दोन्हीकडे कमिट करा: दोन ओळी हजर. सिलेक्टला फॉर अपडेट (सापडलेल्या ओळी लॉक करणारा भाग) जोडूनही उपयोग नाही. जी ओळ दिसत नाही तिला लॉक कसलं लावणार?

आता हॉल, तारीख, सत्र यांवर युनिक इंडेक्स करा आणि व्हेअरमध्ये फक्त पक्क्या नोंदी घ्या. तोच प्रयोग पुन्हा केलात तर दुसरी खिडकी थांबून राहील. पहिलीने कमिट केलं की तिला २३५०५ (युनिक मोडल्याची) एरर येईल, रोलबॅक करून व्यवहार मागे घेतला तर तिचा इन्सर्ट पार पडेल. हे थांबणं तुमच्या ट्रिगरला जमत नाही. शिवाय तो फक्त इन्सर्टवर आहे. रद्द नोंद कुणी अपडेट करून पुन्हा पक्की केली, तर तो चालणारसुद्धा नाही. इंडेक्स तिथेही अडवतो.

इंडेक्स करण्याआधी जुन्या दुहेरी नोंदी ग्रुप बाय, हॅविंगने शोधून काढा. कुठली ठेवायची ते काउंटरवरच्या माणसांना ठरवू द्या. मोठा आयडी उडवायचा असला नियम कृपया लावू नका, त्यामागे कुणाचं तरी लग्न आहे. चालू टेबलावर इंडेक्स कॉनकरंटली, म्हणजे बाकीचं लिहिणं न अडवता, बनवा. मध्येच डुप्लिकेट सापडलं तर इनव्हॅलिड (निकामी) इंडेक्स मागे राहतो, तो ड्रॉप करून पुन्हा करा. सत्राचा कॉलम नॉट नल हवाच, नाहीतर नल (रिकामं मूल्य) असलेल्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत आणि इंडेक्स त्यांना जाऊ देतो.

पुढेमागे सत्रांऐवजी तासांवर बुकिंग देणार असाल, तर युनिक पुरणार नाही. तिथे टाइमस्टॅम्प रेंजवर (सुरुवात ते शेवट अशा वेळेवर) एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकींवर येणाऱ्या वेळा अडवणारं बंधन, लावा आणि हॉल आयडीची तुलना त्यातच बसावी म्हणून बीट्री जिस्ट एक्स्टेन्शन घाला.