ब्लूज, बार्बेक्यू आणि रेल्वे

प्रश्न : अमेरिकेतील सव्हाना शहरात जुन्या रेल्वे कारखान्याच्या आवारात ब्लूज संगीताचा आणि बार्बेक्यूचा महोत्सव भरतो, असे माझ्या मुलीने तिकडून कळवले. या तिन्हींचा परस्परांशी काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. सुमारे १९०३ मध्ये त्याच दक्षिणेतील मिसिसिपी राज्यातल्या टटवायलर स्थानकावर रखडलेल्या गाडीची वाट पाहत असताना, तारांवर सुरी घासत गिटार वाजवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाचे गाणे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी ऐकले. तो दोन रेल्वेमार्ग जिथे छेदतात त्या ठिकाणाविषयी गात होता. त्या अनाम गायकाचे नाव इतिहासाने जपले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे दक्षिणेतील वंशभेद आणि दारिद्र्य यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे गेले, त्यांतील असंख्य रेल्वेनेच. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये असेच शिकागोला पोहोचले आणि त्यांची गिटार तिथे विजेवर वाजू लागली. मंद आचेवर, लाकडाच्या धुरात तासन्‌तास डुकराचे मांस शिजवण्याची दक्षिणी रीतही, म्हणजेच बार्बेक्यू, याच स्थलांतरितांबरोबर शिकागोत रुजली. सव्हानाचा कारखाना सेंट्रल ऑफ जॉर्जिया रेल्वेचा असून, इंजिने वळवण्याची फिरती चकती तिथे आजही पाहायला मिळते. मुलीला ती आवर्जून पाहायला सांगा.