वाचकांचे प्रश्न : दोन आजोबा, एक पूर आणि दोन सालं

प्रश्न : आमचं गाव छोटं आहे, त्याचा इतिहास कुठेच नीट लिहिलेला नाही. म्हणून आम्ही काही जणांनी म्हाताऱ्या माणसांशी बोलून पुस्तक काढायचं ठरवलंय. पण एकाच पुराचं दोन आजोबा वेगवेगळं साल सांगतात आणि दोघंही हटत नाहीत. शिवाय बरेच जुने फोटो अल्बमला चिकटून बसलेत. सुरुवात कुठून करायची आणि खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : पुस्तकाचं नंतर बघू, आधी आवाज रेकॉर्ड करा. कागद-फोटो अजून थोडे थांबू शकतात, पण नव्वदीतली माणसं थांबत नाहीत आणि गेली की त्यांच्याबरोबर अख्खी गल्ली जाते, म्हणून वयाने सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात करा. साधा मोबाईल चालतो, फक्त फ्लाईट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्या जवळ ठेवा आणि सुरुवातीलाच कोण बोलतंय, कुठे, कोणत्या तारखेला हे मोठ्याने सांगा.

"जुन्या काळाबद्दल सांगा ना" असं विचारलंत तर भाषण मिळेल. त्यापेक्षा एक कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, तुम्ही पंधरा वर्षांचे असताना या रस्त्यावर कोणाचं घर कुठे होतं ते काढून दाखवा. पेन्सिल हातात आली की माणूस आपणहून सांगायला लागतो, इथे विहीर होती, इथल्या घरात भांडण झालं, ही भिंत नंतर आली. साधारण दहा ते तीसच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात जास्त वर येतात हे संशोधनातही दिसलंय, तेव्हा प्रश्न त्याच वर्षांवर ठेवा. आणि ते गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या गप्प बसण्यानंतर येते.

आता सालाचं. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं शहर आहे, तिथे १९४९ मध्ये लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी तिथल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या तर कित्येक जण ठामपणे सांगत होते की तो १९५३ मध्ये मेला, म्हणजे कारखान्यातून हजारोंना काढून टाकलं आणि रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या तेव्हा. पोर्तेल्लींनी ते चूक म्हणून खोडलं नाही, लोकांनी हा मृत्यू तिकडे का हलवला हे शोधलं. नोकऱ्या जाणं ही गावाची मोठी जखम होती, त्या मृत्यूला लोकांच्या मनात तिथेच अर्थ लागत होता.

म्हणून दोन्ही आजोबांचं म्हणणं जसंच्या तसं ठेवा, त्यांना समोरासमोर बसवून वाद लावू नका. साल विचारण्याऐवजी पूर आला तेव्हा तुम्ही कितवीत होता, लग्न झालं होतं का, धाकटा भाऊ जन्मला होता का असं विचारा, त्यावरून बरंच जुळतं. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, पालिकेचे ठराव, शाळेची रजिस्टरं बघा आणि जे सापडेल ते शेजारी टीप म्हणून द्या. कागदात पुराची तारीख मिळेल, पण पाणी ओसरल्यावर कोण कोणाच्या घरी राहिलं ते नाही मिळणार!

चिकटलेले फोटो ओढून काढू नका, प्लीज. आधी अख्खं पान आहे तसं स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) आणि टिफ फाईलमध्ये (या प्रकारच्या फाईलमध्ये फोटोची क्वालिटी जात नाही). फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, बॉलपेन नको, सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक फाईलच्या तीन कॉप्या हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

परवानगी मात्र दोनदा घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी आणि छापायच्या आधी, कारण बोलण्याच्या भरात लोक शेजाऱ्यांबद्दल, जातीबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल बोलून जातात आणि छापलेलं बघून त्यांना रात्री झोप लागत नाही. एखादा भाग नको म्हणाले तर का म्हणून विचारत बसू नका, काढून टाका. रेकॉर्डिंगची एक कॉपी मात्र त्यांच्या घरी नक्की द्या.