पुन्हा भरलेल्या रायफल-पुंगळ्यांचे आयुष्य कशावर ठरते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: .३०८ विंचेस्टरच्या बोल्ट रायफलसाठी आपण एकाच लॉटच्या शंभर पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचे) पाच वेळा भरून वापरल्या, आता त्यांतल्या काहींच्या मानेला उभ्या चिरा पडल्या आहेत, काहींत प्रायमर (दारू पेटवणारी बुडातील टोपी) फारच सहज बसतो आहे, आणि स्पर्धेसाठी त्या आणखी किती वेळा वापराव्यात याबद्दल कोणी पाच तर कोणी वीस असा आकडा सांगतो. हे दोन्ही आकडे सांगणाऱ्यांच्या हातात खरे ठरलेले असू शकतात. पुंगळी तीन वेगवेगळ्या जागी, तीन वेगवेगळ्या कारणांनी निकामी होते, आणि आपल्या वर्णनात त्यांपैकी दोन जागा एकाच वेळी दिसत आहेत. म्हणून आकडा सांगण्याआधी त्या जागा पाहणे आवश्यक आहे.

काडतुसाचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. हा मिश्रधातू थंड अवस्थेत दाबला किंवा ताणला की कठीण होतो, आणि पुंगळी मुद्दाम असमान कठीण ठेवलेली असते: बूड कठीण, कारण त्याला दाब पेलायचा असतो, आणि मान व खांदा (धड व मान यांना जोडणारा उतार) मऊ, कारण त्यांना फुगून चेंबरच्या (रायफलमधील काडतूस बसण्याच्या जागेच्या) भिंतीला चिकटायचे आणि वायू मागे येऊ द्यायचा नसतो. पुढे जे काही बिघडते ते या रचनेत झालेल्या बदलामुळेच बिघडते, मग ती मान कठीण होणे असो वा बूड सैल होणे.

सर्वांत गंभीर जागेबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. बुडाच्या किंचित वर, जिथे आतील जाड भाग संपून भिंत पातळ होऊ लागते, तिथे पुंगळी ताणली जाते. गोळी सुटते त्या क्षणी पुढची पातळ भिंत दाबाने चेंबरला घट्ट धरून बसते, बूड मात्र मागे सरकून बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडावर टेकते, आणि या दोहोंमधले अंतर त्या पट्ट्यातील धातू ताणून भरून काढतो. नंतर डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) खांदा मागे ढकलला की हाच प्रकार पुढच्या फैरीत पुन्हा घडण्याची सोय होते. दर काही फैरींनंतर आपण तोंडाकडून जे पितळ ट्रिम करून (छाटून) टाकतो, त्यातले बरेचसे या ताणातूनच पुढे सरकलेले असते. त्यामुळे ज्या पुंगळ्या वारंवार ट्रिम कराव्या लागतात, त्यांच्या बुडाजवळ बारकाईने पाहावे. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मि.मी. आहे. दर एक-दोन भरण्यांत ती ओलांडली जात असेल, तर खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जात असण्याची दाट शक्यता आहे.

हा दोष बहुतेक वेळा रायफलचा नसतो, डायच्या मांडणीचा असतो. डाय शेल-होल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घ्यावी आणि त्यानंतर आणखी थोडी खाली फिरवावी, ही सूचना कोणत्याही चेंबरमध्ये काडतूस बसावे एवढ्यासाठी ठीक आहे, पण आपल्या एकाच रायफलसाठी ती फार ढिली आहे. कॅलिपर आणि त्याला लावायचा कंपॅरेटर (खांद्यावरील ठरावीक बिंदूवर टेकणारे जोडसाधन) घेऊन, वापरलेल्या पुंगळीतील प्रायमर आधी काढून (नाहीतर त्याचा फुगवटा मापात येतो), बुडापासून खांद्यावरील संदर्भबिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. मग बोल्ट रायफलसाठी ते ०.०२५ ते ०.०५ मि.मी. इतकेच कमी होईल अशा रीतीने डाय बसवावी. अर्धस्वयंचलित रायफलला विनाअडथळा भरणीसाठी साधारण ०.०८ ते ०.१० मि.मी. द्यावे लागतात, आणि तिच्या पुंगळ्या लवकर जाण्याचे हे एक कारण आहे. नेहमीच्या डायच्या आट्यांना एका इंचात १४ फेरे असतात, म्हणजे दहा अंश फिरवल्यावर डाय सुमारे ०.०५ मि.मी. सरकते. हात किती हलका ठेवावा लागतो हे यावरून लक्षात येईल.

नव्या पुंगळीची पहिली फैर मात्र आपल्या हातात फारशी नसते. कारखान्यातून येणारी पुंगळी सर्व चेंबरांत बसेल इतकी आखूड असते, त्यामुळे पहिल्याच वेळी ती बहुधा सर्वांत जास्त ताणली जाते. .३०३ ब्रिटिशसारख्या काठवाल्या किंवा पट्टेवाल्या मॅग्नम काडतुसांत हा प्रकार आणखी तीव्र असतो, कारण तिथे हेडस्पेस (बोल्टचे तोंड आणि काडतुसाला पुढे जाण्यापासून अडवणारी जागा यांतले अंतर) काठावर वा पट्ट्यावर ठरतो आणि खांद्यापुढे मोकळी जागा उरते. अशा काडतुसांतही दुसऱ्या भरणीपासून खांद्यावर हेडस्पेस धरला, तर आयुष्यात लक्षणीय फरक पडतो.

ताण आतून वाढत असतो आणि बाहेर चकाकती वर्तुळाकार रेघ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून बाहेरच्या रेघेची वाट पाहू नये. पातळ, ताठ तारेचे टोक घासून टोकदार करावे, ते काटकोनात वाकवून पुंगळीत तळापर्यंत घालावे आणि भिंतीला लावून वर ओढावे. बुडाच्या वर तार अडखळली तर तिथे खाच पडली आहे. याहून खात्रीची चाचणी म्हणजे एक पुंगळी करवतीने उभी कापून पाहणे. शंभरातील एक गेली तर काही बिघडत नाही, आणि जे दिसते त्यावर तर्क लढवावा लागत नाही. एका पुंगळीत खाच सापडली, तर तितक्याच वेळा, त्याच डायमधून गेलेला सगळा लॉट बाद करावा. बूड तुटून मागे राहिले तर उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. इथे काटकसरीचा विचारही करू नये.

आता आपल्या मानेच्या चिरांकडे येऊ. पाच भरण्यांत .३०८ ची मान चिरणे हे लवकर आहे. एखादी चिरलेली मान सहसा धोकादायक नसते, पण ती बाकीच्या माना कुठवर आल्या आहेत ते सांगते. कारखानी चेंबरची मान सढळ असते, त्यात पितळ फुगते. मग साधी डाय तिला गरजेपेक्षा बरीच आवळते, आणि लगेच डायच्या आतील गोळा वर येताना तिला पुन्हा रुंदावतो. एका भरणीत तीनदा वाकवलेले पितळ कठीण व ठिसूळ होणारच. याला उपाय दोन आहेत. पहिला, बुशिंग डाय (मान आवळणारी कडी बदलता येते अशी डाय) घेऊन भरलेल्या काडतुसाच्या मानेच्या बाह्य व्यासापेक्षा साधारण ०.०५ मि.मी. लहान बुशिंग लावणे आणि गोळ्याऐवजी मँड्रेल (मान आतून रुंदावणारी दांडी) वापरणे. दुसरा, अ‍ॅनीलिंग, म्हणजे तापवून पितळ पुन्हा मऊ करणे.

अ‍ॅनीलिंगबद्दल आग्रहाने लिहितो, कारण त्याचा लाभ चिरा टाळण्यापुरता नाही. कठीण झालेले पितळ डायमधून बाहेर येताच अधिक परत उसळते; त्यामुळे डाय तीच असूनही खांदा किती मागे राहिला आणि मान गोळीला किती घट्ट धरते हे पुंगळीगणिक बदलू लागते. मानेची पकड बदलली की वेग बदलतो, आणि सेकंदाला तीन मीटरचा फरकसुद्धा ९०० मीटरवर गोळीला अनेक सेंटीमीटर वर किंवा खाली नेतो. स्पर्धेच्या दृष्टीने पुंगळीचे आयुष्य इथेच संपते: ती अजून सुरक्षित असते, पण शेजारच्या पुंगळीसारखी वागत नाही.

मान व खांदा काही सेकंदांत तापवताना मानेच्या आतील भागाने सुमारे ४०० अंश सेल्सिअस गाठावे आणि खांद्याच्या खाली धडाचे तापमान २३० अंशांच्या आसपास राहावे, हा तापदर्शक रंग वापरणाऱ्यांचा नेहमीचा निकष आहे. पुंगळी ज्योतीसमोर सतत फिरती हवी. ताटलीतील पाण्यात उभी करून एका बाजूने ज्योत लावण्याच्या जुन्या पद्धतीत मान एकीकडे मऊ आणि दुसरीकडे कठीण राहते. इंडक्शन यंत्राने वेळ अधिक नेमका पाळता येतो. पाण्यात टाकल्याने पितळ कठीण होत नाही, ते पोलाद नव्हे. पाणी फक्त उष्णता बुडाकडे जाण्याआधी थांबवते. आणि बूड एकदा तापून मऊ झाले, तर त्याला कोणत्याही उष्णताक्रियेने पुन्हा कठीण करता येत नाही, म्हणून शंका आली तरी ती पुंगळी टाकून द्यावी. मी दर भरणीला अ‍ॅनीलिंग करण्याच्या मताचा आहे. दर तिसऱ्या भरणीला केले तरी चिरा टळतात, पण मधल्या दोन भरण्यांत मानेची पकड सरकत राहते.

मानेच्या चिरांना एक दुसरे कारणही असते, आणि त्याचा इतिहास भारतातला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसे न वापरताच तडकत असत. आतला ताण आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया यांचा हा एकत्रित परिणाम होता, हे १९२१ साली स्पष्ट झाले. आजही अमोनियायुक्त पॉलिश पितळेच्या पुंगळीला लावू नये. भरलेल्या काडतुसाच्या मानेत कायम ताण असतो, त्यामुळे कठीण झालेल्या माना खोक्यात पडून असतानाही चिरू शकतात.

प्रायमर सहज बसतो आहे, हे लक्षण मला मानेच्या चिरांपेक्षा अधिक खटकते. मान मऊ करता येते, खांदा पुन्हा बसवता येतो, पण बूड पसरून प्रायमरची जागा सैल झाली की ती विश्वासार्हपणे परत आणता येत नाही. ती ठोकून आवळण्याची साधने मिळतात. स्पर्धेच्या काडतुसांसाठी मी ती वापरू नये असे म्हणेन. .३०८ साठी युरोपीय मानकात कमाल दाब ४१५० बार आहे, आणि त्या मर्यादेच्या आत असलेल्या भरणीने चांगल्या पुंगळीची प्रायमरची जागा पाच वेळांत सैल होऊ नये. होत असेल तर दोष बहुधा पितळेचा नसून भरणीचा, म्हणजे दारूच्या प्रमाणाचा आहे. बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा, बोल्ट उचलताना जड लागणे, प्रायमरभोवती काजळीचे वर्तुळ, यांपैकी काही दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर दारूचे प्रमाण कमी करून पुन्हा खालून चढत यावे. काजळीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण प्रायमरच्या कडेने निसटणारा वायू बोल्टच्या तोंडावर खड्डे पाडतो, आणि बोल्टची किंमत शंभर पुंगळ्यांहून कितीतरी जास्त असते.

.३०८ मध्ये लहान रायफल-प्रायमरच्या पुंगळ्याही मिळतात. लापुआची पाल्मा पुंगळी ही त्यांतली परिचित. लहान खळग्यामुळे बुडात अधिक धातू उरतो आणि प्रायमरची जागा जास्त भरण्या टिकते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या एफ-टीआर या स्पर्धाप्रकारात .२२३ आणि .३०८ एवढीच काडतुसे चालत असल्याने तिथे या पुंगळ्या लोकप्रिय आहेत. मात्र त्यांची भरणी मोठ्या प्रायमरच्या पुंगळीवरून जशीच्या तशी उचलू नये, ती स्वतंत्रपणे ठरवावी.

सफाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा भुसा पुरेसा आहे. पोलादी पिनांनी आतून झगझगीत केलेली मान अगदी कोरडी होते आणि गोळी तिला असमान धरून बसते, शिवाय तोंडाची कड ठोकली जाते. साइझिंगचे वंगण मात्र गोळी झाडण्यापूर्वी पूर्ण पुसून काढावे, कारण वंगण राहिलेली पुंगळी चेंबरला नीट धरत नाही आणि बोल्टवरचा भार वाढतो.

तेव्हा आपल्या शंभर पुंगळ्यांचे काय करावे? प्रथम प्रत्येकीत हाताच्या साधनाने प्रायमर बसवताना लागणारा जोर जाणवून घ्यावा, किंवा खळग्याचा गेज वापरावा, आणि सैल निघतील त्या सर्व बाजूला काढाव्यात. चिरलेल्या तर गेल्याच. उरलेल्यांपैकी सर्वाधिक लांब वाढलेली पुंगळी कापून बुडाजवळची भिंत पाहावी. ती निर्दोष असेल तर बाकीच्यांचे अ‍ॅनीलिंग करून, खांदा वर दिलेल्या मापात बसवून, भरणी कमी करून त्या सरावासाठी वापराव्यात. स्पर्धेसाठी नवा लॉट घ्यावा, त्याच्या खोक्यावर प्रत्येक भरणी, ट्रिम आणि अ‍ॅनीलिंग लिहावे, आणि त्यातील एकही पुंगळी जुन्यांत मिसळू देऊ नये. सौम्य भरणी, ०.०५ मि.मी.च्या आत मागे जाणारा खांदा आणि नियमित अ‍ॅनीलिंग असेल, तर चांगल्या प्रतीच्या .३०८ च्या पुंगळ्या बोल्ट रायफलमध्ये दहा भरण्यांच्या सहज पुढे जातात, आणि वीस हा आकडाही अशक्य नाही. बाद केलेल्या पुंगळ्यांची तोंडे पकडीने चेपूनच भंगारात टाकाव्यात, म्हणजे त्या चुकूनही पुन्हा भरल्या जाणार नाहीत.