पंप म्हणतो २६, छोटं गेज म्हणतं २१, मित्राचं डिजिटल म्हणतं २४. माउंटन बाईकच्या टायरमध्ये हवा नेमकी किती समजायची?

तुमचा प्रश्न वाचून जरा हसू आलं कारण मीही यातून गेलोय. तीन गेज, एकच टायर, तीन आकडे. माझं म्हणणं असं की यातला खरा कुठला ते शोधत बसू नका, एक गेज निवडा आणि मग त्यालाच धरून राहा. कायम ४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, वरचे तिन्ही आकडे त्यातलेच) कमी दाखवणारं गेज चालतं हो, आज एक आणि उद्या दुसरंच दाखवणारं चालत नाही.

मी हे एक रिम अक्कलखाती जमा करून शिकलोय. जुन्या पंपावर मागच्या चाकाला २२ भरायचो, दोन वर्षं मस्त चाललं, मग पंप मेला आणि नवा आणला, त्यावरही इमानदारीत २२ च भरले. पहिल्याच दगडाळ उतारावर मागून ठण्ण आवाज आला आणि रिमची कड आत. नंतर कळलं की जुना पंप बिचारा चारेक पीएसआय कमी सांगत होता, म्हणजे मी इतके दिवस २६ वर चालवत होतो आणि लोकांना २२ सांगत होतो. तो २२ टायरचा नव्हताच, त्या पंपाचा होता.

आता गेज का चुकतात ते. पंपाच्या डायलमध्ये एक चपटी, वाकवलेली नळी असते, आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती आहे आणि आजही तीच वापरतात. युक्तीत खोट नाही, पण बऱ्याच फ्लोअर पंपांचा (जमिनीवर उभा ठेवून मारायचा पंप) डायल रोडबाईकचा विचार करून १६० पर्यंत केलेला असतो आणि अशा गेजची चूक पूर्ण डायलच्या टक्क्यात धरतात. ३ टक्के म्हटलं तरी १६० चे जवळपास ५ पीएसआय झाले. १०० पीएसआय भरणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही, पण आपण २५ वर चालवतो, तिथे ५ म्हणजे पाचवा हिस्सा गेला की! शिवाय २० ते ३० हा आपला सगळा संसार त्या डायलवर शून्याच्या शेजारी बोटभर जागेत, तिरकं बघितलं तरी आकडा बदलतो. म्हणून नवीन घेणारच असाल तर ३० किंवा ६० पर्यंतच डायल असलेलं लो प्रेशर गेज घ्या, डिजिटल असो वा काट्याचं. डिजिटलवर दशांश दिसतो म्हणून ते अचूक असतंच असं मात्र समजू नका, दशांश छापायला काय जातंय.

घरच्या घरी खरा दाब तपासता येईल का असंही डोक्यात येतं. पाण्याच्या नळीने येतो, फक्त १ पीएसआयला साधारण ७० सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे २० पीएसआयसाठी १४ मीटर उंच नळी उभी करा. सोडा तो विषय.

त्यापेक्षा गेज एकसारखं बोलतंय का ते बघा. टायरला जोडलेलं नसताना काटा शून्यावर आहे का बघा, मग टायर भरून पाच मिनिटं थांबा आणि एकाच गेजने लागोपाठ चार वेळा मोजा. हातातलं गेज लावताना-काढताना दरवेळी थोडी हवा जातेच, त्यामुळे २४, २३.५, २३.५, २३ असं हळूहळू उतरत गेलं तर गेज ठीक आहे. २४, २१, २५ असं नाचायला लागलं तर त्याला निरोप द्या. पंपाच्या बाबतीत अजून एक गंमत, प्रेस्टा व्हॉल्व्हला (सायकलचा तो बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह) नळी नुसती लावली की काटा शून्यावर किंवा असाच कुठेतरी दिसतो आणि माणूस घाबरतो की हवा गेली. गेली नाहीये, व्हॉल्व्ह अजून उघडला नाहीये, एक स्ट्रोक मारला की उघडतो. आणि वाचायचं काटा स्थिर झाल्यावर, स्ट्रोक मारताना तो उसळतो तेव्हा नाही. नळी काढताना होणारा फुस्स हा बहुतेक नळीतल्याच हवेचा असतो, त्यासाठी दोन पीएसआय जास्त भरायची गरज नाही.

ट्यूबलेस असेल तर सीलंट (भोकं बुजवायला टायरमध्ये ओततात ते पातळ द्रव) व्हॉल्व्हच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या सुट्या होणाऱ्या भागात, वाळून बसतं आणि मग कुठलंही गेज वेड्यासारखं वागतं. मला एकदा वाटलं गेज बिघडलं, कोअर काढून बघितला तर आत रबराचा गोळा. मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि मिनिटभर थांबा, सीलंट खाली ओघळतं.

गेज ठरलं की आकडा ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर शोधायचा. साधारण ७०-७५ किलोचा माणूस, २.३-२.४ इंची ट्यूबलेस टायर, तर पुढे २२-२३ आणि मागे २५ पासून सुरू करा, ट्यूब असेल तर ३-४ जास्त. मागे जास्त कारण वजन मागे जास्त पडतं. मग दगड, मुळं आणि एक-दोन जोरदार वळणं असलेला छोटा तुकडा निवडा आणि तोच परत परत चालवा, दरवेळी १ पीएसआय कमी करून. आधी बरं वाटत जाईल, हातांना कमी दणके, चढावर मागचं चाक कमी घसरतं. मग एका टप्प्यावर वळणात टायर खालून सरकल्यासारखा, लिबलिबीत वाटेल किंवा रिम दगडाला लागल्याचा आवाज येईल, तिथे थांबा आणि २ परत भरा. तो तुमचा आकडा, तुमच्या गेजवरचा. गेज खोटं बोलत असेल तरी फरक पडत नाही कारण उद्याही तितकंच खोटं बोलणार आहे. फक्त टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल-किमान मर्यादेजवळ खेळू नका, तिथे गेजची चूक महागात पडते.

अंगठ्याने दाबून बघणारे बरेच आहेत, मीही दाबतो, पण जाड केसिंगचा (रबराखालचं टायरचं कापडी अंग) टायर १८ वर पण कडक लागतो आणि पातळ केसिंगचा २५ वर पण मऊ, त्यामुळे आपल्याच टायरची सवय असेल तरच त्याला अर्थ. गेज अजिबातच नसेल तर स्ट्रोक मोजा, एकदा ठरलेल्या आकड्यापर्यंत रिकाम्या टायरपासून किती लागतात ते लक्षात ठेवायचं, आश्चर्य वाटेल इतकं जवळ येतं.

आणि सकाळी आकडा कमी दिसला की लगेच गेजला शिव्या देऊ नका. २५ पीएसआयच्या टायरमध्ये १० अंश सेल्सिअस थंडी पडली की सव्वाएक पीएसआय आपोआप कमी होतो. १००० मीटर वर गेलात तर उलट दीडेक पीएसआय वाढलेला दिसेल, कारण बाहेरची हवा विरळ झाली. म्हणून मी निघण्याआधी, ट्रेलच्या सुरुवातीलाच मोजतो, घरी नाही.

तुमच्या केसमध्ये मी पंप आणि छोटं गेज दोन्हींची ती चार वेळा मोजायची परीक्षा घेईन आणि पास होईल ते ठेवेन. आकडा सापडला की पंपाला चिकटपट्टी लावून पुढे किती, मागे किती लिहून टाका आणि त्याच दिवशी मित्राचं डिजिटल मागून त्याच टायरवर त्याचा आकडाही शेजारी लिहा. म्हणजे उद्या पंप मेला तर नव्या पंपाचा हिशेब लावायला काहीतरी हाताशी असेल, मला तेव्हा नव्हतं.