तारा फुटल्यावरून विश्वाचे प्रसरण कसे मोजतात?

राजहंसगडावरून रात्री बेळगावकडे पाहिले, तर सारख्याच क्षमतेचे रस्त्यावरचे दिवे अंतरानुसार मंद होत गेलेले दिसतात, आणि दिव्याचे मूळ तेज ठाऊक असेल तर त्या मंदपणावरून अंतर काढता येते. खगोलशास्त्रात या दिव्यांचे काम ‘एक-ए’ प्रकारचे अतिनवतारे (सुपरनोव्हा), म्हणजे फुटताना प्रचंड तेजाने चमकणारे तारे, करतात. हे श्वेतबटूंचे, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्यांचे, स्फोट असून त्यांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांनुसार पसरवलेल्या प्रकाशात, हायड्रोजनच्या रेषा नसतात, सिलिकॉनची मात्र ठळक असते. सगळे स्फोट सारखेच तेजस्वी असतात, असे सरसकट लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. जो सावकाश मावळतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो, म्हणून काही आठवडे तेजाचा आलेख काढून ही तफावत दुरुस्त करावी लागते आणि मगच अंतर विश्वासार्ह ठरते. प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पट ताणले गेले, हे वर्णपटातील ताम्रसृतीवरून, म्हणजे रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या यावरून, कळते. या दोन्ही गोष्टी ताडून पाहताना १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद आढळले, म्हणजेच ते अपेक्षेपेक्षा दूर होते आणि त्यावरून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले. त्याबद्दल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.