क्रिप्स साहेब, इनोची पुडी आणि कुमासीची लेक

प्रश्न : लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'क्रिप्स योजना' आली आणि मला आमचे आजोबा आठवले, ते म्हणायचे हा क्रिप्स म्हणजे इनोवाल्यांचा जावई. घरात सगळे हसायचे. खरं आहे का हे? आणि तो लॉर्डचा मुलगा होता तर त्याला 'सर' का म्हणतात, लॉर्ड का नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आजोबांना मानलं बुवा! अगदी खरं आहे, फक्त जावई नाही, नातजावई. पोटात गॅस झाला की आपण पाण्यात फसफसवतो ते इनो काढणारे जेम्स क्रॉस्ली इनो, त्यांच्या मुलीची मुलगी इसोबेल स्विदिनबँक, आणि तिचं लग्न १९११ ला स्टॅफर्ड क्रिप्सशी झालं. या इनो आजोबांच्या इस्टेटीतला चांगला हिस्सा पुढे तिच्याकडे आला, त्यामुळे या घराला पैशाची ददात कधी नव्हतीच.

आता लॉर्डचं. वडील चार्ल्स क्रिप्स, स्वतः नावाजलेले बॅरिस्टर, हुजूर पक्षाचे खासदार, १९१४ ला ते लॉर्ड पारमूर झाले. पण तिकडे गादी थोरल्याला, आणि आपला स्टॅफर्ड पाच भावंडांत शेंडेफळ, म्हणजे त्याच्या वाट्याला नावाआधी 'ऑनरेबल' एवढंच. 'सर' त्याने स्वतः कमावलं, १९३० ला मजूर सरकारात सॉलिसिटर जनरल झाला तेव्हा. (गंमत म्हणजे तिकडे सॉलिसिटर वेगळा, बॅरिस्टर वेगळा, आणि त्या काळी सॉलिसिटर जनरल मात्र बॅरिस्टर असायचा. इंग्रजांना विचारायला जाऊ नका, तेही गोंधळतात.)

स्टॅफर्डची आई टेरेसा, समाजवादी विचारवंत बिएट्रिस वेब यांची सख्खी बहीण. हा चार वर्षांचा असताना ती गेली, आणि जाताना नवऱ्यासाठी लिहून ठेवलं की मुलांना थाटामाटाशिवाय, साधंच वाढवा. माझ्या मते हा माणूस समजून घ्यायचा तर तिची ही चिठ्ठी त्या योजनेपेक्षा जास्त कामाची आहे, कारण पुढे जन्मभर घरात पैसा असून हा गडी शाकाहारी, दारूला शिवत नाही, थंड पाण्याने आंघोळ, आणि त्यात पोटाचं जुनं दुखणं. इनोच्या घरातली बायको आणि नवऱ्याचंच पोट धड नाही, काय म्हणावं!

वकिलीत मात्र बाप माणूस. आधी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नामवंत रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसेंच्या लॅबमध्ये केमिस्ट्री शिकला, १९१३ ला मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर झाला (लंडनात बॅरिस्टर घडवणाऱ्या या जुन्या संस्था; आपले बाबासाहेब ग्रेज इनचे, गांधीजी इनर टेम्पलचे, हा मिडलचा), आणि केमिस्ट्री येत असल्याने पेटंटच्या केसेसमध्ये समोरच्या तज्ज्ञाला कोर्टात धुऊन काढायचा. १९२७ ला किंग्ज काउन्सेल, म्हणजे रेशमी गाऊनवाला मोठा वकील, वय अवघं ३८. कंपन्यांकडून भरभक्कम फी घेणारा हाच माणूस १९३४ ला वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन २६६ जण गेले तेव्हा चौकशीत खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला, एक पैसा न घेता.

१९४२ च्या क्रिप्स योजनेचं तर पुस्तकात आहेच, मार्चमध्ये दिल्लीला आला, युद्ध संपल्यावर डोमिनियनचा दर्जा, म्हणजे कॅनडा-ऑस्ट्रेलियासारखं स्वराज्य देतो म्हणाला, काँग्रेसला पटलं नाही, मुस्लिम लीगलाही नाही, हात हलवत परत. नेहरूंशी त्याची आधीपासून मैत्री होती म्हणून लोकांना आशा जास्त होती, मग रागही जास्त आला. १९४६ च्या कॅबिनेट मिशनमध्येही तोच होता.

प्रश्न : याच क्रिप्सची मुलगी आफ्रिकेत नांदली असं कुठेतरी वाचलं, खरं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरं. चार मुलांतली धाकटी पेगी. क्रिप्स एप्रिल १९५२ मध्ये झुरिकला वारला, ब्रिटनचं अर्थमंत्रिपद तब्येतीमुळे १९५० लाच सोडलं होतं, आणि पुढच्याच वर्षी पेगीने लंडनमध्ये जो (जोसेफ) अपियाशी लग्न केलं. तो गोल्ड कोस्टचा, म्हणजे आताच्या घानाचा, तिथल्या अशांती लोकांतल्या मोठ्या घराण्यातला, आणि तोही मिडल टेम्पलचाच बॅरिस्टर! नवरदेव अंगाभोवती झगझगीत केंटे, म्हणजे तिकडचं रंगीबेरंगी विणलेलं वस्त्र, गुंडाळून आला, एवढं निमित्त पेपरवाल्यांना पुरलं. इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे बोंबाबोंब, की लॉर्डची नात आणि काळा नवरा. आई इसोबेल मात्र लेकीच्या पाठीशी उभी राहिली.

पेगी कुमासीला, म्हणजे घानातल्या अशांती लोकांच्या मुख्य शहरात गेली ती तिथलीच झाली. नवरा राजकारणात पडला, घानाचे नेते एन्क्रुमांशी बिनसलं, १९६१ ला तुरुंगात गेला, तरी पेगी पोरं घेऊन तिथेच. तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया हा तिचाच मुलगा. १९९० ला नवरा वारला तरी ती इंग्लंडला परतली नाही, २००६ ला कुमासीतच वारली.

तिने तिथे काय केलं ते मला सगळ्यात आवडतं. पूर्वी तिकडे सोनं तोलायला पितळेची बोटभर वजनं असायची, कुणी मासा, कुणी पक्षी, आणि त्यातल्या कितीतरी वजनांमागे एकेक म्हण. पेगी ती वजनं गोळा करत गेली, म्हणी विचारत गेली, आणि शेवटी मुलाला सोबत घेऊन अकान, म्हणजे अशांती लोकांच्या भाषेतल्या सात हजारांवर म्हणींचं जाडजूड पुस्तक काढलं.