डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या कवटीचं हाड काढायला सही करावी का? पुढं कोमातच राहिला तर?

तुम्ही लिहिलंय की मेहुण्याचा निपाणीजवळ हायवेला बाईकवरनं अपघात झाला, बेळगावात आयसीयूत आहे, मेंदूचं प्रेशर औषधानं उतरेना म्हणून डॉक्टर कवटीचं हाड काढूया म्हणालेत, आणि घरात दोन तट पडलेत. मी इथंच एका न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स आहे, डॉक्टर नव्हे, पेशंट मी बघितलेला नाही, त्यामुळं करा की नको हे मी सांगणार नाही. पण सही करायच्या आधी काय विचारायचं ते सांगते, कारण येतोय तो एकच विचारतोय, सिस्टर, वाचेल न्हवं?

वाचण्याचं उत्तर तसं आहे. 2016 साली रेस्क्यू आयसीपी म्हणून मोठा अभ्यास आला, त्यात 408 पेशंट होते, सगळी औषधं करूनही मेंदूचं प्रेशर 25 च्या (mmHg, बीपीचंच माप) वरच राहिलेले. सहा महिन्यांनी नुसत्या औषधावर ठेवलेल्यांतले 48.9 टक्के वारलेले, हाड काढलेल्यांतले 26.9. म्हणजे शंभरात 22 जण जास्त वाचले. पण कसे वाचले ते बघा की. त्या 22 मधले साधारण 6 जण डोळे उघडे पण भान नाही असे राहिले, 8 जणांचं सगळं दुसऱ्यानं करायला लागायचं, आणि 8 जण निदान घरात आपलं आपण बघण्याइतके किंवा त्याहून बरे झाले. पहिल्यासारखे ठणठणीत होणारे काही वाढले नाहीत. हाड काढलं की सुजलेल्या मेंदूला जागा मिळते, मार लागताना जे गेलंय ते परत येत नाही.

आणि गंमत म्हणजे घरात काही तास एकटा राहू शकतो पण बाहेर एकटा जाऊ शकत नाही, असल्या पेशंटलाही त्या अभ्यासात चांगल्या निकालात धरलंय. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पण शेतीत राबलेल्या, दिवसभर गाडीवर फिरलेल्या माणसाला ते चांगलं वाटलं असतं का हे तो अभ्यास करणारा इंग्लंडचा डॉक्टर सांगू शकत नाही आणि आमचाही नाही. तुमच्या घरातल्या दोन्ही तटांनी आपल्याला काय पाहिजे ते बाजूला ठेवून तो शुद्धीत असता तर काय म्हणाला असता एवढंच बोलावं, बायकोला आधी विचारा, तिला बहुतेक माहीत असतं.

डॉक्टरांना विचारा की प्रेशर किती आहे, किती तासापासून आहे, आणि अजून कुठलं औषध करायचं राहिलंय. कारण 2011 च्या डेक्रा अभ्यासात प्रेशर 20 च्या वर पंधरा मिनिटं गेलं की लगेच हाड काढलं, आणि त्या पेशंटांचे हाल औषधवाल्यांपेक्षा जास्त झाले. रक्ताची गाठ असेल तर विषय वेगळा, गाठ मोठी असली तर काढायलाच लागते, तिथं 2023 च्या अभ्यासात गाठ काढल्यावर हाड लगेच परत बसवलेले आणि बाहेर ठेवलेले यांच्यात वर्षानं फरक दिसला नाही, मेंदू फुगून वर आलेला नसला तर.

कोमाचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात कोणी "आता काय उपयोग नाही" असं ठाम सांगत असेल तर जरा थांबा. अमेरिकेत बघितलं तेव्हा दोन आठवड्यांनी भान नसलेल्यांपैकी 78 टक्के लोकांना वर्षभरात भान आलं, पूर्ण बरे झाले असं नव्हे, भान आलं. आणि 2024 मध्ये कळलं की सांगितलेलं काहीच न करणाऱ्या 241 पेशंटांपैकी 60 जणांचा मेंदू आतून हुकूम ऐकत होता, हातपाय तेवढे हलत नव्हते. तसली तपासणी आमच्याकडं होत नाही, पण तेव्हापासून बेडजवळ उभं राहून जमिनीच्या वाटणीचं बोलालेत त्यांना मी सरळ बाहेर काढते.

फॉर्म कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असतो. मराठीत सांगा म्हणून बसून राहा, लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

सही केली म्हणजे कायमचं अडकलो असंही नाही. सुधारण्याची आशाच उरली नाही तर उपचार थांबवायची रीत सुप्रीम कोर्टानं 2018 ला घालून दिली, 2023 ला सोपी केली, आणि कर्नाटक सरकारनं जानेवारी 2025 मध्ये त्याचं परिपत्रक काढलंय, तीन तीन डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. लोकांना हे माहीत नसतं, मग पैसे संपले की डामा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना आम्ही आपल्या जबाबदारीवर नेतोय असं, लिहून देऊन ॲम्ब्युलन्समधनं गावाकडं नेतात आणि पेशंट वाटेतच जातो. त्यापेक्षा ही रीत बरी, तिथं दुखू नये म्हणून औषध तरी चालू राहतं.

खर्चाचं आत्ताच विचारून घ्या. काढलेलं हाड बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात, ते दुसरं ऑपरेशन असतं, त्याचे पैसे पॅकेजात आहेत का, सरकारी स्कीममध्ये बसतं का हे विचारा. तोपर्यंत त्या बाजूवर झोपवायचं नाही.